माणदेश

माणदेश : पश्चिम महाराष्ट्रातील माण नदीच्या खोऱ्याचा अवर्षणप्रवण प्रदेश. साताऱ्यातील माण, सांगलीतील आटपाडी व सोलापुरातील सांगोला हे तालुके प्रामुख्याने यात येतात. जतसारखे लगतचे भागही लोकव्यवहारात माणदेशीच समजले जातात. माण (माणगंगा) नदी महादेव डोंगररांगेत उगम पावते व पंढरपूर तालुक्यात भीमेस मिळते. वर्षातील बराच काळ तिचे पात्र कोरडे असते.

येथील दुष्काळाला निव्वळ दैव मानता येत नाही. तो भूरचनेचा परिणाम आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीवर चढताना बहुतेक बाष्प तेथेच रिते करतात. महाबळेश्वरी वर्षाला ५,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस सुमारे १२० किमी.वरील, माण तालुक्यातील म्हसवडकडे तो जेमतेम ५०० मिमी. भरतो. तोही मुख्यतः परतीचा, म्हणून शेतकऱ्याची भिस्त रब्बी ज्वारीवर. जमीन हलकी, मुरमाड.

अशा माळावर मेंढपाळी टिकली. धनगरांचे वाडे (कळपांसह फिरणारे गट) चाऱ्यासाठी स्थलांतर करतात. वाटेत रात्री मेंढरे शेतात बसवायची आणि लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे, असा व्यवहार असतो. काटक खिलार बैलही येथलाच. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) ही कादंबरी याच मुलखातली. ती भूगोलाच्या विद्यार्थ्याने जरूर वाचावी. गलाई, म्हणजे सोने-चांदी शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी आटपाडीकडील अनेक कुटुंबे देशभर पांगली.

अलीकडे ठिबक सिंचनावर डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या, पण ‘तेल्या’ रोगाने अनेक काढाव्या लागल्या. टेंभू योजनेतून कृष्णेचे पाणी उपसून आटपाडी, सांगोला भागात आणले जाते.