कलेवा : एका नदीमुखाचा इतिहास

ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, चिंडविन नदीच्या पश्चिम तीरावर कलेवा हे गाव वसलेले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासग्रंथांत त्याचा उल्लेख येतो तो बहुधा नदी ओलांडण्याची जागा एवढ्याच नात्याने. गावाचे नाव मात्र याहून अधिक काही सांगते.

ब्रह्मी भाषेत ‘वा’ या पदाचा अर्थ मुख. पश्चिमेकडील कले खोऱ्याचे पाणी घेऊन येणारी मिट्ठा नदी डोंगरांतील अरुंद घळीतून वाट काढीत येथे चिंडविनला मिळते; म्हणून हे ‘कलेचे मुख’. उत्तरेस यू नदीच्या संगमावरील यूवा हे नावही याच घडणीचे दिसते. चिंडविनकडून पश्चिमेस जाणाऱ्याला हीच घळ डोंगरांत शिरण्याचे द्वार ठरते. तिच्यातून कलेम्यो, तेथून उत्तरेस मलेरियाने ग्रासलेले कबॉ खोरे, पुढे तामू आणि मग मणिपूर, असा हा मार्ग आहे.

८ मार्च १९४२ रोजी रंगून जपान्यांच्या हाती पडल्यावर या मार्गाचे महत्त्व एकाएकी वाढले. माघार घेणारे सैन्य पूर्व तीरावरील श्वेजिन येथे पोहोचले. तेथून आगबोटींनी सुमारे ६ मैल प्रवाहाविरुद्ध गेल्यावर कलेवा लागे. १० मे रोजी जपान्यांनी श्वेजिनवर हल्ला केला. तेव्हा जवळजवळ सर्व रणगाडे व बहुतेक वाहने तेथेच नष्ट करून उरलेले सैनिक तीरावरच्या पायवाटेने उत्तरेस सरकले आणि कलेव्यासमोरून नदीपार झाले. पावसाळा तोंडावर आला होता.

त्या वर्षी ब्रह्मदेश सोडणाऱ्या हिंदी निर्वासितांची संख्या अंदाजे ५ लाख मानली जाते; त्यांपैकी हजारो वाटेतच मृत्युमुखी पडले. तामूच्या वाटेने आलेल्यांत मजूर, कारकून, व्यापारी, स्त्रिया व मुले होती. युरोपीय व हिंदी निर्वासितांत भेदभाव केल्याची तक्रार त्या काळी हिंदुस्थानात उघडपणे मांडली गेली. सैन्याच्या माघारीला सेनानी स्लिम यांच्या १९५६ सालच्या आत्मकथनासारखे समर्थ निवेदन लाभले. या पायी चालणाऱ्यांना तसे लाभले नाही.

डिसेंबर १९४४ मध्ये प्रवाह उलटला. पूर्व आफ्रिकी सैन्याने कलेवा घेतले आणि चिंडविनवर सुमारे ११५० फूट लांबीचा बेली पूल उभा राहिला. अशा पुलांत तो त्या वेळी जगातील सर्वांत लांब होता. त्याच मुखातून आता सैन्य पूर्वेकडे बाहेर पडले.

स्थलनामावरून इतिहास रचू नये, हे भाषाभ्यासकास सांगावयास नको. ‘कलेवा’ या नावात युद्धाची चाहूल शोधणे व्यर्थ होय. तथापि १९४२ मध्ये निर्वासितांना व दोन्ही खेपांना सेनानींना जे भूगोलाने भाग पाडले, ते स्थानिकांना ठाऊक होते आणि त्यांनी ते एका अक्षरात नोंदविले होते. त्या मुखातून गेलेल्या सर्वांची नोंद इतिहासानेही तितक्याच निःपक्षपातीपणे ठेवली पाहिजे.