कोठीचं दार

वाईच्या आमच्या वाड्याची डागडुजी काढली आणि आतल्या दारांवरून घरात दोन तट पडले. मुलाला सगळीकडे एकाच मापाची गुळगुळीत फ्लश डोअर हवी होती. मी आधी कुठे दार होतं आणि कुठे नव्हतं, ते पाहत हिंडले.

ओसरी, सोपा उघडेच. माजघराचं दार दिवसा कधी लागत नसे. भक्कम दारं होती कोठीला, देवघराला आणि बाळंतिणीच्या खोलीला. दाणागोटा, दागिने, देव आणि तान्हं मूल राखायला. नवराबायकोच्या एकांतासाठी वेगळी खोली आणि तिला दार, ही बहुतेक घरांत फार पुढची गोष्ट.

त्या दारांची बांधणी बघत राहावी अशी. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात दिसते तीच ही सागवानी खांब-तुळयांची रीत. भिंत हात-दीड हात जाड, त्यामुळे उघडलेली झडप भिंतीच्या जाडीतच मावते, अरुंद खणात वीतभरही जागा अडत नाही. झडपेच्या कडेच्या उभ्या लाकडालाच वर-खाली खुंट्या काढलेल्या. खालची उंबऱ्याच्या खळग्यात फिरते, वरची चौकटीच्या भोकात. लोखंडी बिजागरी नाहीच. दोन झडपांमधली फट झाकायला एकीवर बेणी ठोकलेली. उंबरा उंच, चौकट बुटकी. वाकून, पाय उचलूनच आत जावं लागतं.

असे वाडे आता थोडेच उरले. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं आणि पुण्यातले नदीकाठचे कित्येक वाडे कोसळले. जे पुरातून वाचले, त्यांतलेही बरेच पुढे पाडले गेले. त्यांच्या जागी इमारती आल्या, खोल्यांमध्ये चार इंची भिंती आल्या. असल्या भिंतीत जुनी झडप मावणार कुठे? तिथे हलकं, एका झडपेचं फ्लश डोअरच योग्य, त्याला माझी ना नाही. आमच्या भिंती मात्र अजून विटामातीच्या आहेत, जाडजूड.

म्हणून कोठीचं आणि देवघराचं दार तसंच ठेवलं. वाळवी लागलेला उंबरा तेवढा बदलला, तोही सागवानीच. दारांवरचे ऑइलपेंटचे थर खरवडून लाकडाला तेल दिलं. मुलाच्या खोलीला पूर्वी दारच नव्हतं; तिच्यासाठी एका पडक्या वाड्यातलं जुनं दार चौकटीसकट आणलं, कारण त्याचं माप आमच्या खणाला बसत होतं. मुलाने जाऊन स्वतःच मोजून घेतलं. मोरीला फ्लश डोअर.