माळवदाची ओल : ‘किडणे’ आणि ‘कुजणे’

नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी जे उत्खनन केले, त्यात ताम्रपाषाणयुगीन घरांच्या जमिनीत खांबांचे खळगे आढळले. लाकूड केव्हाच कुजून गेले होते. उरली होती ती त्याची जागा. याच तालुक्यातील सोनईच्या टापूत जुन्या घरांचे माळवद आजही लाकडावरच तोललेले आहे : खांबांवर तुळई, तुळईवर कड्या, त्यांवर किलच आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. कड्या खालून उघड्या दिसतात. त्यांची टोके मात्र भिंतीत बुजलेली असतात, आणि घात होतो तो तेथेच.

हा प्रदेश पर्जन्यछायेचा. म्हणून लाकडाला ओलीचे भय नाही, हा समज फसवा आहे. उन्हाळ्यात मातीला भेगा पडतात व पहिली जोराची सर त्यांतून थेट किलचापर्यंत उतरते.

मराठीने येथे एक उपयुक्त भेद जपला आहे. लाकूड ‘किडते’ ते कीटकांमुळे, ‘कुजते’ ते ओलीमुळे. बोलण्यात दोहोंची सरमिसळ होते. दुरुस्तीत ती महागात पडते. भुंग्याने किडलेल्या कडीखाली बारीक भुगा सांडतो; वाळवी मातीच्या नळ्या बांधीत चढते. कुजलेली कडी बहुधा काळवंडते, तिला आडवेउभे तडे जातात, ठोकली असता ती बद्द वाजते व दाभण तिच्यात विनासायास शिरते. कूज हे बुरशीचे काम होय. लाकडातील पाणी सुमारे २० टक्क्यांहून अधिक राहिल्यावाचून ती वाढत नाही. इंग्रजीवरून आलेला ‘सुकी कूज’ हा शब्दप्रयोग त्यामुळे दिशाभूलच करतो.

तेव्हा पहिला उपाय औषधाचा नव्हे. पावसाळ्यापूर्वी नवी माती घालून माळवद चोपणे आणि पन्हळी मोकळ्या ठेवणे, ही जुनी रीत होती. ओल थांबल्यावर लाकूड वाळू द्यावे, कुजका भाग निरोगी लाकडापर्यंत कापून नवा तुकडा सांधावा आणि मगच टाकणखार व बोरिक आम्लाचे द्रावण लावावे. ओल्या कडीवर डांबर फासणे म्हणजे पाणी आत कोंडणे. मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा दिल्याने हेच घडते : घर नवे दिसते, आणि कडीचे टोक भिंतीच्या आत कुजत राहते.