समुद्री पक्ष्यांवरचे शोधनिबंध छापून पक्षी खरंच वाचतात का?

अल्बाट्रॉस हा पक्षी आयुष्यातला बराचसा काळ किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर, खुल्या समुद्रावर घालवतो. तिथे तो मेला तर बघायला कुणी नसतं. मग असे हजारो पक्षी दरवर्षी मरत आहेत, हे जगाला कळलं कसं? त्यात एका शोधनिबंधाचा वाटा मोठा होता.

१९९१ च्या शोधनिबंधात काय होतं?

टास्मानियातले संशोधक नायजेल ब्रदर्स यांनी जपानी ट्यूना बोटींवरच्या निरीक्षणांवर आधारित एक निबंध लिहिला. तो १९९१ मध्ये 'बायॉलॉजिकल कॉन्झर्वेशन' या शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाला. त्यातला मुख्य आकडा होता, दर १,००० गळांमागे ०.४१ पक्षी.

हा आकडा किरकोळ वाटू शकतो. म्हणजे साधारण अडीच हजार गळ टाकले तर एक पक्षी. पण दक्षिण महासागरात तेव्हा वर्षाला १० कोटींहून जास्त गळ टाकले जात होते. त्यानुसार हिशेब केल्यावर वर्षाला किमान ४४,००० अल्बाट्रॉस मरत असल्याचा अंदाज निघाला.

पक्षी गळाला कसे लागतात?

ट्यूनासाठी 'लाँगलाइन' पद्धत वापरतात. कित्येक किलोमीटर लांबीच्या एका मुख्य दोरीला हजारो गळ लावलेले असतात आणि प्रत्येक गळाला आमिष असतं. दोरी बोटीमागे सोडली की आमिष बुडायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात पक्षी त्यावर झडप घालतो, गळ चोचीत किंवा घशात अडकतो आणि बुडणाऱ्या दोरीबरोबर पक्षीही पाण्याखाली ओढला जातो.

अल्बाट्रॉसला हे नुकसान भरून काढणं अवघड जातं. वाँडरिंग अल्बाट्रॉसची जोडी एका विणीत एकच अंडं घालते आणि पिल्लू वाढवण्यात यश आलं तर पुढचं अंडं दोन वर्षांनी. त्यात पिल्लू स्वतः वीण करण्याच्या वयाचं व्हायला साधारण दहा वर्षं लागतात.

निबंध छापून आल्यावर काय बदललं?

पक्षी आमिष पळवतात म्हणजे मच्छिमाराचंही नुकसान होतं, हा मुद्दा याच निबंधात होता. त्यामुळे पक्षी आणि मासेमारी या दोघांच्या फायद्याचा उपाय शोधणं शक्य झालं. त्यातला एक उपाय म्हणजे 'तोरी लाइन'. जपानी भाषेत 'तोरी' म्हणजे पक्षी. बोटीच्या मागच्या बाजूला उंचावर एक दोरी बांधून तिला रंगीत पट्ट्या लावतात. वाऱ्यावर फडफडणाऱ्या या पट्ट्यांमुळे पक्षी गळांपासून दूर राहतात. थोडक्यात, हे समुद्रावरचं बुजगावणंच.

१९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने लाँगलाइनमधले पक्षीमृत्यू कमी करण्यासाठी आंतरराष्ट्रीय कृती आराखडा स्वीकारला. अल्बाट्रॉस आणि पेट्रेल पक्ष्यांच्या संवर्धनाचा स्वतंत्र करार २००१ मध्ये सह्यांसाठी खुला झाला आणि २००४ मध्ये अमलात आला.

नियमांचा परिणाम झाला का, हेही शोधनिबंधांतूनच कळतं. नामिबियाने २०१५ मध्ये पक्षी हुसकावणाऱ्या दोऱ्या सक्तीच्या केल्या. तिथल्या समुद्रतळाजवळच्या लाँगलाइन मासेमारीत पक्ष्यांचे मृत्यू सुमारे ९८ टक्क्यांनी घटल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. या दोऱ्या तयार करण्याचं काम वॉल्व्हिस बे इथल्या महिलांच्या गटाला मिळालं.

नुसता अहवाल का पुरत नाही?

शोधपत्रिकेकडे आलेला निबंध संपादक त्याच विषयातल्या इतर तज्ज्ञांकडे पाठवतात. याला 'पिअर रिव्ह्यू' म्हणतात. किती गळ मोजले? निरीक्षक किती दिवस बोटीवर होता? थोड्या बोटींवरून सगळ्या ताफ्याचा अंदाज कसा काढला? अशा प्रश्नांची उत्तरं देऊन, दुरुस्त्या करून मगच निबंध छापला जातो. निष्कर्ष चुकणारच नाही, याची ही हमी नव्हे. पण पद्धत आणि आकडे सर्वांसमोर असल्याने दुसरा संशोधक ते पडताळून पाहू शकतो. मासेमारी कंपन्या आणि सरकारं एका टेबलावर बसतात, तेव्हा असा पुरावा 'कुणाचं तरी मत' म्हणून सहज बाजूला सारता येत नाही.

फक्त समुद्री पक्ष्यांसाठी शोधपत्रिका आहे?

आहे. १९७६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत 'कॉर्मोरंट' नावाने एक पत्रिका सुरू झाली. जॉन कूपर हे तिचे संस्थापक संपादक. १९९० मध्ये तिचं नाव 'मरीन ऑर्निथॉलॉजी' झालं. आज वेगवेगळ्या देशांतले समुद्री पक्षी अभ्यासकांचे गट मिळून ती चालवतात. तिचे अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात.

हे महत्त्वाचं आहे, कारण अनेक शोधपत्रिकांमधला एकेक निबंध वाचायलाही पैसे मोजावे लागतात. एखाद्या बेटावरच्या वनरक्षकाला किंवा छोट्या संस्थेला ते परवडत नाही. ज्यांनी उपाय करायचा, त्यांच्यापर्यंतच माहिती पोहोचली नाही तर ती छापून उपयोग काय?

आपल्याकडे काय स्थिती आहे?

बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीची शोधपत्रिका १८८६ पासून निघते आहे आणि पक्ष्यांच्या नोंदी हा तिचा जुना भाग आहे. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर सुरय पक्ष्यांची वीण होते. पावसाळी वाऱ्यांत 'मास्क्ड बूबी'सारखे खोल समुद्रातले पक्षी थकून कोकण किनाऱ्यावर येतात. असा पक्षी दिसला तर फोटो, तारीख आणि ठिकाण लिहून ठेवा आणि वनविभागाला किंवा जवळच्या पक्षी अभ्यासकाला कळवा. सुट्या नोंदी वर्षानुवर्षं जमल्या की त्यांतून संशोधनाची सामग्री तयार होते.

आता धोका टळला आहे का?

नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यात समुद्री पक्ष्यांच्या ३५९ प्रजातींचा विचार केला होता. मासेमारीत चुकून अडकण्याचा धोका त्यातल्या सुमारे १०० प्रजातींना होता. बेटांवर माणसाबरोबर पोहोचलेले उंदीर आणि मांजरं यांसारख्या परक्या प्राण्यांचा धोका त्याहूनही जास्त प्रजातींना होता. छापलेला निबंध स्वतः एकही पक्षी वाचवत नाही. त्यावरून नियम करावा लागतो आणि तो पाळला जातो का, हे बघायला बोटीवर माणूस लागतो. पण पक्षी किती आणि कशामुळे मरतात हेच माहीत नसेल, तर नियम कशासाठी करायचा हेही ठरत नाही.