पत्ता बदलला, तरी ई-मेल जुन्याच ठिकाणी!

प्रतिनिधी

ॲड्रेस बुकमधील पत्ता दुरुस्त केला, तरी पत्र जुन्याच पत्त्यावर जाते, ही आऊटलुक २००३ आणि २००७ वापरणाऱ्यांची नेहमीची अडचण. या दोन्ही आवृत्त्यांना मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे साहाय्य अनुक्रमे ८ एप्रिल २०१४ आणि १० ऑक्टोबर २०१७ रोजी संपले. मात्र जेथे त्या अद्याप वापरात आहेत, तेथे हा दोष घरच्या घरी दूर करता येतो.

दोन याद्यांचा घोळ

आऊटलुक पत्ते दोन ठिकाणी साठवते. एक म्हणजे आपण स्वतः भरलेली ‘कॉन्टॅक्ट्स’ ही यादी. दुसरी ‘ऑटोकम्प्लीट’ची. ‘टू’च्या रकान्यात पहिली काही अक्षरे टाइप करताच खाली उमटणारी नावे या दुसऱ्या यादीतील असतात. पूर्वी वापरलेले पत्ते तेथे आपोआप साठत जातात. पहिल्या यादीत केलेली दुरुस्ती दुसरीत पोहोचत नाही आणि घोटाळा होतो.

उपाय

* नको असलेले नाव खाली दिसू लागले की बाण-कळीने त्यावर यावे आणि ‘डिलीट’ कळ दाबावी. तेवढीच नोंद पुसली जाते.
* संपूर्ण यादीच बिघडली असल्यास आऊटलुक बंद करून ‘एनके२’ हे विस्तारनाम असलेली फाईल शोधावी. विंडोज एक्सपीमध्ये ती ‘ॲप्लिकेशन डेटा’ या लपविलेल्या फोल्डरमधील मायक्रोसॉफ्ट-आऊटलुक येथे असते. ती पुसून न टाकता तिचे नाव बदलावे. आऊटलुक पुन्हा सुरू झाल्यावर नवी, कोरी यादी तयार होते.
* ‘टू’वर क्लिक केल्यावर कॉन्टॅक्ट्स दिसत नसतील, तर त्या फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये तो ॲड्रेस बुक म्हणून दाखविण्याचा पर्याय निवडावा.

स्वल्पविराम की अर्धविराम?

१९८२च्या ‘आरएफसी ८२२’ या मानकानुसार दोन पत्त्यांमध्ये स्वल्पविराम येतो. आऊटलुक मात्र मूळ मांडणीत अर्धविरामाची अपेक्षा करते. स्वल्पविराम चालावा यासाठी ‘ॲडव्हान्स्ड ई-मेल ऑप्शन्स’मध्ये स्वतंत्र पर्याय आहे.

परतलेल्या पत्राची भाषा

परत आलेल्या संदेशात ५.१.१ हा संकेतांक असल्यास त्या नावाची पेटी तेथे नाही, असे समजावे. ५.१.२ असल्यास ‘@’ या चिन्हानंतरचा भाग तपासावा.

परत आलेल्या पत्रामुळे चूक निदान कळते तरी. नामसाधर्म्यामुळे भलत्याच व्यक्तीला गेलेले पत्र परत येत नाही. वेतनाचा तपशील किंवा वैद्यकीय अहवाल पाठविताना ‘टू’मधील नावावर दोनदा क्लिक करून त्यामागील पूर्ण पत्ता वाचावा आणि मगच ‘सेंड’ दाबावे.