तेरचं लामतुरे संग्रहालय : दोन हजार वर्षांपूर्वीची बाजारपेठ एका छताखाली

धाराशिव तालुक्यातलं तेर हे गाव बहुतेकांना संत गोरोबाकाकांमुळे माहीत आहे. तेरणाकाठी काकांच्या समाधीचं दर्शन घेऊन भाविक परत फिरतात. पण याच गावात कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय पुराणवस्तुसंग्रहालय आहे, तिकडे वळणारे कमी. आपल्या भागातली माणसं दोन हजार वर्षांपूर्वी काय पिकवत, काय विणत, कोणाशी व्यापार करत, हे बघायचं असेल तर मुंबई-पुण्याला जायची गरज नाही. ते तेरमध्येच आहे.

तगर म्हणजेच तेर

तेरचं जुनं नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं समुद्री व्यापाराची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ नावानं ती प्रसिद्ध आहे. त्यात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठं शहर असल्याचं म्हटलं आहे. इथून साधं कापड, मलमल असा माल गाड्यांवर लादून भडोच बंदरात जायचा आणि तिथून जहाजानं पुढं.

हे तगर नेमकं कुठलं, यावर अभ्यासकांत बरीच वर्षं वाद होता. कोणी देवगिरी म्हणायचं, कोणी जुन्नर. 1901 मध्ये फ्लीट या अभ्यासकानं तगर म्हणजे तेर असं दाखवून दिलं. कोकण आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला तगर नगराचे स्वामी म्हणवून घेत, त्यावरूनही या गावाचा मान कळतो. 1958 मध्ये चापेकर यांनी इथं उत्खनन केलं. पुढं राज्याच्या पुरातत्त्व विभागानंही खोदकाम केलं, त्यात विटांचा मोठा स्तूप उघडा पडला.

एका गावकऱ्याचं काम

सरकारी खोदकाम काही वर्षं चालतं आणि थांबतं. पाऊस मात्र दरवर्षी पडतो, नांगर दरवर्षी चालतो. तेरमध्ये जुन्या वस्तीच्या पांढरीच्या टेकाडांवरून पाणी वाहिलं की मणी, नाणी, खापरं वर येतात. धाब्याच्या घरासाठी पांढरी माती नेणं ही तर आपल्याकडची जुनी रीतच. त्या मातीबरोबर किती इतिहास गेला असेल, याला मोजमाप नाही.

तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू जमवून जपायला सुरुवात केली. ज्याला लोक खापरं म्हणून लाथाडत होते, ते त्यांनी घरात ठेवलं. त्यांच्या घरच्यांनीही हे काम पुढं चालवलं. हजारो वस्तूंचा हा संग्रह नंतर शासनाकडे आला आणि संग्रहालयाला त्यांचंच नाव मिळालं. म्हणजे या संग्रहालयाचा पाया कुठल्या राजानं नाही, गावातल्या माणसानं घातला.

आत काय बघाल

सातवाहन काळातली नाणी, शंखाच्या बांगड्या, रंगीत दगडांचे आणि काचेचे मणी, मातीची भांडी, दिवे असा मोठा ठेवा इथं आहे. पांढऱ्या मातीच्या, साच्यातून काढलेल्या बाहुल्या जवळून बघा. केसांची ठेवण, कानातले, गळ्यातले दागिने अगदी स्पष्ट दिसतात. काही वस्तूंवर रोमन धाटणी आहे.

सगळ्यात नावाजलेली वस्तू म्हणजे हस्तिदंती स्त्रीमूर्ती. अशीच एक भारतीय मूर्ती इटलीत पाँपेई शहराच्या अवशेषांत 1938 मध्ये सापडली. हे शहर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं होतं. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही तशाच घडणीची मूर्ती मिळाली. त्यामुळे पाँपेईची मूर्ती आपल्याच मराठवाड्यात घडली असावी, असं काही अभ्यासक मानतात.

उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकटही संग्रहालयात जपली आहे. पाण्यावर तरंगणाऱ्या हलक्या विटांसाठीही तेर ओळखलं जातं.

कसं जायचं

धाराशिवहून तेर साधारण 20 ते 25 किलोमीटर आहे. लातूर-बार्शीकडून येणाऱ्यांना ढोकीहून रस्ता आहे. शासकीय संग्रहालयं साधारणपणे सोमवारी आणि सरकारी सुट्टीला बंद असतात. त्यामुळे निघण्याआधी वेळ आणि कोणती दालनं उघडी आहेत, हे गावात विचारून घ्या. फोटो काढायचे असतील तर आधी परवानगी घ्या.

संग्रहालय झालं की त्रिविक्रम मंदिर चुकवू नका. मागची बाजू अर्धगोल असलेली ही विटांची वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह होती, असं जाणकार सांगतात. सोबत गोरोबाकाकांचं दर्शन धरलं तर एक दिवस सहज जातो. शाळेतली पोरं बरोबर असतील तर उत्तमच.

शेतात काही सापडलं तर

हे फक्त तेरवाल्यांसाठी नाही. जुनी पांढर असलेल्या कुठल्याही गावात नांगरताना, विहीर खोदताना, जेसीबी चालवताना वस्तू निघू शकते. तेव्हा एवढं करा :

1. खोदकाम थांबवा. वस्तू घासू-धुऊ नका.
2. जागेवरच मोबाईलवर फोटो काढा. गट नंबर आणि किती खोलीवर निघाली ते लिहून ठेवा. कुठं सापडली हे माहीत नसेल तर वस्तूची निम्मी किंमत अभ्यासकांच्या लेखी तिथंच संपते.
3. तलाठी किंवा तहसील कार्यालयाला कळवा. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. लपवली तर गुन्हा आहे. सापडवणाऱ्याच्या आणि जमीनमालकाच्या हक्काची तरतूदही त्याच कायद्यात आहे.
4. गावात फिरणाऱ्या जुन्या नाण्यांच्या खरेदीदाराला देऊ नका. हजार-पाचशे हातात येतील, पण वस्तू जिल्ह्याबाहेर गेली की परत येत नाही.

लामतुरेंच्या काळात ना मोबाईल होता, ना गावोगावी माहिती. तरीही तेरचा ठेवा तेरमध्ये राहिला, कारण एकानं तो उचलून जपला. आज आपल्या हातात फोन आहे, कायदाही आहे. तेव्हा पुढची वस्तू निघेल तेव्हा ती काचेच्या कपाटात जाणार की भंगारात, हे ज्याच्या नांगराला ती लागेल त्याच्यावर आहे.