चितारी आणि त्याचा खेळ

व्हिडिओ गेम म्हटले की आमच्या पिढीतल्या बहुतेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. पण त्या खेळातले वाडे, अरण्ये, राक्षस, त्यांची आयुधे हे सगळे आधी कुणा चित्रकाराने रेखाटलेले असते. त्या धंद्यात त्याला कन्सेप्ट आर्टिस्ट म्हणतात. चित्रकाराने खेळ घडवावा, ही गोष्ट निदान आम्हां पेडणे-डिचोलीकरांना तरी परकी वाटू नये.

पेडणे आणि भतग्राम, म्हणजे आजची डिचोली, हे महाल नव्या काबिजादीत गेले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. पेडणे तर १७८८ साली. त्याआधी ते सावंतवाडीच्या भोसल्यांकडे होते. त्याच सावंतवाडीत चितारी गंजिफा रंगवीत. दशावतारी गंजिफांचा संच १२० पानांचा. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पाने: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. पान गोल, हाताने रंगवलेले, वर लाखेची चकाकी. मत्स्य, कूर्म, वराह अशी चिन्हे एवढ्याशा वर्तुळात बसवायची! आणि नियम पाहा: दिवसा ज्याच्याकडे रामाचा राजा त्याने खेळ सुरू करायचा, रात्री कृष्णाचा राजा असेल त्याने. रामजन्म माध्यान्हीचा आणि कृष्णजन्म मध्यरात्रीचा, हे ज्याला सुचले तो खेळिया मोठा रसिक असला पाहिजे, असे मला आपले वाटते.

चितारी मात्र दुसऱ्याच्या मागणीवर जगणारा. छापील पत्ते स्वस्तात मिळू लागले आणि गंजिफा मागे पडल्या. विसाव्या शतकात शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध पुंडलिक चितारींच्या हातची ही विद्या राजवाड्यात पुन्हा उभी केली, म्हणून ती उरली.

संगणकाच्या खेळातही आपल्या चित्रकारांची सुरुवात अशीच परक्या मागणीवर झाली. बंगळूरची ध्रुव इंटरॅक्टिव्ह १९९७ सालची. तिच्यासारख्या कंपन्यांतून आपल्या मुलांनी परदेशी खेळांसाठी मोटारी रंगवल्या, शहरे उभारली. पगार मिळाला, हात तयार झाला. गोष्ट मात्र दुसऱ्याची.

२०१७ साली पुण्यात चित्रकार श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड यांनी नॉडिंग हेड्स गेम्स ही स्वतःची छोटी कंपनी काढली. 'राजी' हा त्यांचा खेळ. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेली एक मुलगी, पाठीशी दुर्गा आणि विष्णू. किकस्टार्टरवर लोकांकडून पैसा उभारण्याचा प्रयत्न फसला. तरीही त्यांनी काम सोडले नाही, आणि २०२० साली खेळ बाहेर आला. त्याच वर्षी गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र खेळांच्या नामांकनात त्याचे नाव होते.

या खेळात मधली कथा सावल्यांच्या बाहुल्या सांगतात. ते वाचले आणि मला कुडाळजवळचे पिंगुळी आठवले. चामड्याच्या बाहुल्या नाचवणारे, चित्रकथीच्या पोथ्या मांडून कथा गाणारे ठाकर तिथलेच. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. तिथे चित्र दाखवणारा आणि गोष्ट सांगणारा वेगळा नसतो.

'राजी'तले महाल राजस्थानी वळणाचे, रंग पहाडी चित्रांचे. आमच्या दशावतारावर रचलेला असा खेळ अजून माझ्या पाहण्यात नाही. वहीच्या मागच्या पानावर संकासूर काढणारी मुले मात्र पेडण्यात मी बरीच पाहिली आहेत.